तीन औषधे चालू आहेत, तरी सासूबाईंचा बीपी 160 च्या खाली येत नाही. काय पाहायचे राहिले?

डिचोलीची सून

नमस्कार. सासूबाईंबद्दल विचारायचे आहे. वय 63, बीपी बरीच वर्षे आहे. सुरुवातीला एक औषध होते, मग दुसरे आले, गेल्या वर्षापासून तिसरे. सध्या टेल्मिसार्टन 40 आणि अ‍ॅम्लोडिपिन 5 यांची एकत्र गोळी, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5, म्हणजे लघवीची गोळी. दोन्ही सकाळी. साखर नाही. थायरॉईड तपासून झाले, ठीक आहे.

तरी दर खेपेला तेच. 164/94. 170/96. मागच्या महिन्यात 168/92. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर माणसांची रांग असते. "मीठ कमी करा, तीन महिन्यांनी या," एवढ्यावर आम्ही बाहेर.

घरी जो येतो तो आपले मत देऊन जातो. नणंद म्हणते स्वस्तातल्या जेनेरिक गोळ्या आहेत, त्यांत दम नाही. शेजारच्या काकी म्हणतात डॉक्टर बदला. आणि एका गोष्टीवर सगळ्यांचे एकमत: सुनेचा हात मिठाला सढळ. स्वयंपाक मी करते. हुमणातले (माशांच्या आमटीतले), भाजीतले मीठ मी खरोखर निम्म्यावर आणले आहे. नवऱ्याला अळणी लागते म्हणून तो पानात वेगळे मीठ घेतो. लोकांच्या बोलण्याचे मी सोडून देईन, पण मला भीती वाटते. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला बीपी वाढूनच पक्षाघात झाला, ती कितीतरी वर्षे खाटेवर होती आणि तिचे सगळे सासूबाईंनीच केले.

तीन-तीन औषधे घेऊनही बीपी का उतरत नाही? चौथी गोळी मागायची, की आधी दुसरे काही पाहायचे असते?

पेडणेकर

वहिनी, साधे मीठ बंद करून सैंधव सुरू करा. सकाळी उपाशीपोटी लसणीच्या दोन पाकळ्या. आमच्या घरी फरक पडला. गोळ्या वाढवत गेलात तर शरीराला त्यांची सवय होते आणि मग त्या लागू पडत नाहीत.

फार्मसीवाली, फोंडा

बाय, चौथ्या गोळीची घाई करू नको. आधी काही गोष्टी विचारते, त्यांची उत्तरे घरात शांतपणे शोध.

मी फोंड्याच्या बाजारात फार्मसीच्या काउंटरवर आयुष्य काढले, आता घरी असते. डॉक्टरला पेशंट तीन महिन्यांतून पाच मिनिटे दिसतो. आम्हांला तो पुनःपुन्हा दिसतो, आणि बीपीच्या गोळ्यांबरोबर तो आणखी काय काय नेतो तेही दिसते. ज्यांचा बीपी औषधाला दाद देत नाही असे घरचे म्हणतात, त्यांतल्या पुष्कळांचे औषध चांगलेच असते. ते पोटात किती दिवस जाते, त्याच्या विरुद्ध काम करणारे दुसरे काही पोटात जाते का, आणि बीपी मोजला कसा, हे कोणी विचारलेलेच नसते.

पहिले विचारते ते गुडघ्यांचे. गुडघे, कंबर दुखते का त्यांची? दुखल्यावर काय घेतात?

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही वेदनाशामके मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. लघवीची गोळी जे बाहेर काढू पाहते तेच ही आत अडवतात, आणि टेल्मिसार्टनचाही जोर कमी करतात. बीपीची औषधे घेणाऱ्यांचा दाब यांनी सरासरी पाच अंकांच्या आसपास चढतो, काहींचा बराच जास्त. बीपीपेक्षाही मला मूत्रपिंडाची धास्ती वाटते. टेल्मिसार्टनच्या जातीचे औषध, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी घटले असताना तर धोका आणखी वाढतो. काउंटरवर लोक ही गोळी नावाने मागत नाहीत, "ती दुखण्याची द्या" म्हणतात. चिठ्ठी नसते. डॉक्टरने "आणखी काही औषध चालू आहे का" विचारले तर प्रामाणिकपणे "नाही" सांगतात, कारण दुखण्याची गोळी त्यांच्या हिशेबी औषधात मोडत नाही.

सर्दीच्या गोळ्याही बघ. नाक मोकळे करायला फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन घातलेले असते, ते रक्तवाहिन्या आवळते. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या, पित्तावरच्या पावडरी यांत सोडियम असते. स्टिरॉइड चालू आहे का? खोकल्यासाठी रोज जेष्ठमध चघळतात का? त्यानेही बीपी वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते.

दुसरे, गोळी नेमकी किती दिवस पोटात जाते? एक मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने माणसे नेणारा, माझ्याकडे यायचा. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप न्यायचा आणि तीच महिनाभर पुरवायचा. डोके जड वाटले की गोळी, बरे वाटले की बंद. डॉक्टरला हे ठाऊक नव्हते, त्यांनी डोस वाढवला होता. बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून बरे वाटण्यावर गोळी ठरवता येत नाही. सासूबाईंवर पाळत ठेव असे मी म्हणत नाही. "कुठल्या दिवशी गोळी घेणे जमत नाही?" असे विचार. "रोज घेता ना?" असे विचारले की कोणीही "हो" म्हणते.

तिसरे. तपासणीला जाता त्या सकाळी गोळी घेतलेली असते का? रक्त द्यायचे असते, उपाशीपोटी बोलावलेले असते, म्हणून माणूस पाण्याचा घोटही घेत नाही. मग बिनगोळीचा बीपी मोजला जातो आणि त्या आकड्यावर औषध बदलते. हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता न चुकता विचारते.

आणि मोजमाप. दंड जाड आहे का? नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्याहून जाड दंडाला तोच गुंडाळला तर आकडा खोटा वाढतो. 2023 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा पाचाच्या आसपास जास्त दिसला, आणि अतिमोठा लागणाऱ्यांत जवळजवळ वीस. एवढ्या फरकावर माणसाला एक गोळी जास्त लागते. रांगेतून उठून थेट खुर्चीत, लघवी तुंबलेली, हात लोंबता, मोजताना गप्पा चालू, असे असेल तर तोही आकडा त्यांचा खरा बीपी म्हणून धरता येत नाही.

पेडणेकरभाऊ, सैंधव हेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराईडच. रंग बदलतो, बीपीला फरक पडत नाही. लसूण खुशाल खाऊ द्या, फक्त गोळीच्या जागी नको. आणि बीपीच्या गोळ्यांची सवय होऊन त्या लागू पडेनाशा होतात ही समजूत मनातून काढून टाका. वय वाढते तशा रक्तवाहिन्या ताठर होतात, वजन वाढते, मूत्रपिंड थकते, म्हणून औषध वाढवावे लागते. या एका समजुतीपायी गोळ्या बंद केलेली माणसे मी पाहिली आहेत, फार वाईट वाटते.

डिचोलीची सून

ताई, तुमचे वाचून काल रात्री सासूबाईंजवळ बसले. तुम्ही सांगितले तसेच विचारले, "कुठल्या दिवशी जमत नाही?" आणि त्या बोलू लागल्या.

शुक्रवारी त्या म्हापशाच्या बाजारात बसतात. अबोली, तांबडी भाजी, अळू, केळी, जे असेल ते. पहाटेच्या बसने जातात. दिवसभर जमिनीवर बसायचे, माल सोडून उठायचे कसे? म्हणून शुक्रवारी लघवीची गोळी नाही. गुरुवारी संध्याकाळपासून पाणीही कमी पितात.

सोमवारचा उपवास. उपाशीपोटी गोळी घेतली तर घेरी येईल म्हणून सोमवारी दोन्ही गोळ्या नाहीत. एकादशीलाही नाहीत.

रक्त द्यायच्या दिवशी गोळी नाहीच. आणि आमची तपासणी नेहमी त्याच दिवशी असते, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामे होतात.

गुडघ्यांचे तुम्ही ओळखलेत. बाजारातून गोळ्या आणतात, पदराला बांधून ठेवतात. मी स्ट्रिप पाहिली: डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. रोज एक, शुक्रवारी दोन. हे आम्हां कोणालाच माहीत नव्हते. "तुम्ही सगळी कामावर जाता, तुम्हांला कशाला सांगू," म्हणाल्या.

दंड मोजला, 34 सेंटीमीटर भरला.

आता एक विचारते. माझ्या हातच्या जेवणात मीठ कमी आहे, पण त्या सकाळी पेज जेवतात. सोबत खारे बांगडे किंवा सुकी सुंगटां (कोळंबी) भाजून, नाहीतर चेपणीतले तोर, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या. चेपणी त्या स्वतः घालतात, पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवायचे) सगळे त्यांच्याच हातचे असते. याचा हिशेब आम्ही कधी धरलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किती मीठ म्हणते? आणि हे त्यांना कसे सांगू?

फार्मसीवाली, फोंडा

दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. त्यात सगळे आले: हुमणातले, पावातले, लोणच्यातले, फरसाणातले, खाऱ्यातले.

बाय, तुझ्या हुमणातले मीठ तू निम्म्यावर आणलेस ते चांगलेच केलेस, तुझ्या नवऱ्यालाही ते लाभेल. पण ज्या घरात सकाळच्या पेजेला खारे आणि चेपणी आहे, तिथे दिवसाचे मीठ न्याहारीलाच संपत आलेले असते. मासळी मिठात मुरवून उन्हात वाळवली की पाणी जाते आणि मीठ राहते. तोर तर महिनोन्महिने मिठातच असतात. पावसात मासळी मिळायची नाही, म्हणून आमच्या आया-आज्यांनी हे साठवण शिकून घर चालवले. सासूबाईंना "हे बंद करा" म्हणालीस तर त्यांच्या हातचे सगळे कामच तू मोडीत काढलेस असे त्यांना वाटेल. तसे म्हणू नको. पेज राहू दे, पेज चांगली. पेजेत वरून मीठ नको. सोबत ताजे खोबरे घालून केलेली अळसाण्यांची (चवळीची) भाजी, किंवा आदल्या दिवशीच्या हुमणातली दोन सुंगटां चालतील. खारे आठवड्यातून एखादे दिवस, आधी पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन. तोर असेल त्या दिवशी खारे नाही. सगळे एकदम काढून घेतले की माणूस लपून खातो.

पोटॅशियम घातलेले कमी सोडियमचे मीठ बाजारात मिळते. 2021 मध्ये चीनमधल्या खेड्यांतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, जवळजवळ 21 हजार माणसांचा. तीन वाटे साधे मीठ नि एक वाटा पोटॅशियमचे अशा मिठाने पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले. पण सासूबाई टेल्मिसार्टनवर आहेत, त्यानेही पोटॅशियम वाढते. त्यात रोजचे डायक्लोफेनॅक. रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियम पाहून डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते मीठ घरात आणू नको.

आता गोळ्यांचे. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, तिन्हींना पोटात अन्न लागत नाही. सोमवारी पाण्याबरोबर घेता येतात. रक्त द्यायच्या सकाळीही पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायच्या. फक्त साखरेची गोळी असलेल्यांनी हे आपल्याला लावून घेऊ नये, ती उपाशीपोटी घेतली तर साखर उतरून माणूस पडतो. त्यांनी डॉक्टरला विचारावे.

शुक्रवारच्या लघवीच्या गोळीसाठी डॉक्टरला सरळ विचार: "बाजारातून आल्यावर दुपारी घेतली तर चालेल का?" बीपीची गोळी सकाळी घेतली की रात्री, याने पक्षाघात-हृदयविकारात फरक पडत नाही, हे ब्रिटनमधल्या 21 हजारांहून जास्त माणसांच्या अभ्यासात 2022 मध्ये दिसले. वेळ सोयीची हवी, चुकणार नाही अशी हवी. लघवीची गोळी फक्त झोपताना नको, रात्री अंधारात उठून पडतील. पाणी कमी पिण्याचे मात्र थांबव.

डायक्लोफेनॅक आजपासून बंद. हे मी इतके ठाम सांगते, कारण ते कोणी लिहून दिलेले नाही आणि दोन औषधांशी त्याचे भांडण आहे. दुखण्यावर सध्या साधे पॅरासिटामॉल, तेही लागेल तेव्हाच. रोज पूर्ण डोसात महिनोन्महिने घेतले तर तेही काहींचा बीपी थोडा चढवते. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचे जेल चालेल, कातडीवर लावलेले रक्तात फार थोडे जाते.

आणि जेनेरिकचे. नणंदेला सांग, मी दोन्ही विकली आहेत. औषध तेच असते. महाग गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारी माणसे मी पाहिली. रोजची जेनेरिक त्यापेक्षा केव्हाही बरी.

दंडाचे यंत्र घ्या, मनगटाचे नको. 34 सेंटीमीटरला मोठा पट्टा लागेल, विकत घेतानाच मागून घे. सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. आधी पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला. बोलायचे नाही. चहा अर्धा तास आधी नको. पहिल्या दिवसाचे आकडे सोड, बाकीच्यांची सरासरी काढ. घरी 135/85 च्या खाली हवी. वही डॉक्टरसमोर ठेव, आणि सोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी. पदरातल्यांसकट.

वैद्यकीय अधिकारी, सत्तरी

ताईंनी बहुतेक सांगितले आहे. आमच्या बाजूचे थोडे सांगतो, कारण तिथेही चुका होतात.

तीन वेगवेगळ्या गटांची औषधे, त्यांत एक लघवीची, पूर्ण किंवा सोसेल तेवढ्या डोसात रोज घेऊनही दाब उतरला नाही, तर त्याला आम्ही औषधाला न जुमानणारा उच्च रक्तदाब म्हणतो. इथे तसे झालेलेच नाही. टेल्मिसार्टन 80 पर्यंत जाते, अ‍ॅम्लोडिपिन 10 पर्यंत, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 हा लहान डोस आहे. म्हणजे नावे तीन असली तरी मात्रा अर्धी आहे. आकडा वाढलेला दिसतो, आणि तरी चिठ्ठी तीच पुढे जाते. ओपीडीत गर्दी असते, "आज धावपळीत आले असतील" असे वाटते, म्हातारी घेरी येऊन पडेल अशी भीतीही असते. कारणे खरी आहेत, पण अशी वर्षे निघून जातात आणि त्या वर्षांत रक्तवाहिन्या खराब होत राहतात. तुम्ही घरच्या मोजणीची वही आणलीत तर आमचा निर्णय सोपा होतो. "हे आकडे पाहून डोस बदलायचा का?" असे विचारायला संकोच करू नका. कुठलाही बरा डॉक्टर या प्रश्नावर रागावणार नाही.

क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, लघवीतले अल्ब्युमिन आणि एक ईसीजी करून घ्या. रोजच्या डायक्लोफेनॅकनंतर क्रिएटिनिन तर हवेच. सासूबाई घोरतात का, झोपेत श्वास अडखळतो का, दिवसा पेंगतात का हे पाहा. झोपेतला श्वासरोध हे न उतरणाऱ्या बीपीचे फार वेळा चुकणारे कारण आहे, आणि तो बायकांमध्ये कमी ओळखला जातो.

हे सगळे करूनही दाब राहिला तर चौथे औषध. त्या जागी स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत उपयोगी पडते हे 2015 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले. पण टेल्मिसार्टनबरोबर पोटॅशियम चढू शकते, म्हणून रक्त तपासतच ते द्यायचे.

वाचणाऱ्या पुरुषांसाठी एक ओळ: रोजची फेणी आणि मोसमातले हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू). काजूचा हंगाम लागला की माझ्याकडे बीपीचे आकडे चढतात. डोस वाढवण्याआधी मी ते विचारतो, तुम्हीही विचारायच्या आधी सांगा.

180/120 च्या वर दाब आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे, अर्धे अंग लुळे पडणे, अचानक नजर जाणे, यातले काही असेल तर वाट न पाहता 108.

वेर्णा, रात्रपाळी

माझे वय 41. मला वेगळीच गोष्ट निघाली म्हणून लिहितो, या ताईंच्या घरी तसे असेलच असे नाही.

पस्तिशीच्या आतच बीपी सुरू झाला. सगळ्यांनी रात्रपाळी, ताण, वजन असेच म्हटले. चार औषधांवर पोचलो. एकही गोळी चुकवत नव्हतो, मीठ सोडले होते, दारू घेत नाही. पायांत गोळे यायचे, जिना चढताना मांड्यांतली ताकद जायची. रक्तात पोटॅशियम दरवेळी कमी यायचे. लघवीच्या गोळीने होते म्हणून मला सिरप देत आणि शहाळे प्यायला सांगत. मग एका फिजिशियनने मागचे सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले. लघवीची गोळी सुरू व्हायच्या आधीच्या रिपोर्टातही पोटॅशियम कमीच होते. त्यांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या दोन तपासण्या लिहिल्या.

मूत्रपिंडाच्या वर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यातली एक अल्डोस्टेरॉन जास्त बनवत होती. ते शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. नेमकी कोणती ग्रंथी, हे पाहायला त्या ग्रंथींच्याच शिरांतून रक्त घेतात, त्यासाठी गोव्याबाहेर जावे लागले. डावी काढली. आता एका गोळीवर आहे. ज्यांच्या दोन्ही ग्रंथी तसे करतात त्यांना शस्त्रक्रिया नसते, पण त्यांच्यासाठी गोळ्या आहेत, स्पायरोनोलॅक्टोनच.

तरुणपणी बीपी आला, पोटॅशियम कमी आहे, किंवा औषधे वाढतच चालली आहेत, यातले एक जरी असेल तरी ही तपासणी विचारून घ्या. 2024 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत तर बीपी निश्चित झालेल्या सगळ्याच प्रौढांत ती करण्याचा विचार करावा असे आहे. मला ती बरीच वर्षे कोणी सांगितली नाही आणि तोवर हृदयाची भिंत जाड झाली.

डिचोलीची सून

सगळ्यांचे आभार. थोडे दिवस थांबून लिहिते आहे, म्हणजे सांगण्यासारखे काही असावे.

डायक्लोफेनॅक बंद केले. पहिले काही दिवस कठीण गेले, सासूबाई रात्री कण्हायच्या आणि माझ्याशी धड बोलत नव्हत्या. मोठ्या पट्ट्याचे यंत्र आणले. गोळ्या रोज घेऊन घरची सरासरी 148/86 आली. म्हणजे तपासणीच्या आकड्यापेक्षा बरीच कमी, तरी हवी त्यापेक्षा जास्तच.

वही आणि पिशवी घेऊन गेलो. डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. टेल्मिसार्टन 80 केले, लघवीची गोळी बदलून क्लोरथॅलिडोन 12.5 दिली. क्रिएटिनिन 1.1 आले, पुन्हा पाहू म्हणाले. पोटॅशियम 4.2. घोरतात त्या, पण श्वास अडखळताना आम्हांला दिसला नाही. शुक्रवारी दुपारी गोळी घ्यायला हरकत नाही म्हणाले. आता सरासरी 138/82 आहे.

खाऱ्याचे अजून पूर्ण जमलेले नाही. भिजवून भाजलेले त्यांना "धुतलेले" लागते. चेपणी मात्र यंदा त्यांनी स्वतःच लहान बरणीत घातली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डोस वाढवल्यावर रक्त पुन्हा कधी तपासायचे? आणि गुडघ्यांचे काय करू? बाजार त्या सोडणार नाहीत, आणि त्यांनी सोडावा असे मलाही वाटत नाही.

फार्मसीवाली, फोंडा

बाजार सोडायला लावू नकोच, त्यांचे चालणे-फिरणे आणि चार माणसे त्यातच आहेत.

रक्त: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, डोस बदलल्यापासून दोन आठवड्यांच्या आसपास. क्लोरथॅलिडोनने या वयाच्या बायकांत सोडियम उतरू शकते. खूप थकवा, मळमळ, गोंधळल्यासारखे वागणे दिसले तर त्याआधीच तपास. वहीत आठवड्यातून एकदा उभे राहून मोजलेला आकडाही लिही, उठल्यावर एका मिनिटाने. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीसने घसरत असेल किंवा घेरी येत असेल तर डॉक्टरला सांग, गोळी आपण बंद करायची नाही. पावले सुजली तर ते अ‍ॅम्लोडिपिनचे असू शकते, तेही सांग. त्यावर सुजेची गोळी दुकानातून आणू नको.

गुडघे: मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, खुर्चीत बसून पाय सरळ करण्यासारखे साधे असतात. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात. आणि शुक्रवारी त्यांच्याबरोबर एक घडीचे स्टूल पाठव, बसमध्ये नेता येईल असे हलके. टोपली उलट्या क्रेटवर ठेवली म्हणजे वाकावे लागणार नाही. जमिनीवरून दिवसातून वीस वेळा उठणे वाचले तर शुक्रवारची ती दुखण्याची दुसरी गोळी मागायची वेळच त्यांच्यावर येणार नाही.